आत्या कोणाचं नाव घेतात

सासूबाईंना पहिला संशय आला तो माझ्यावर. त्यांचा चष्मा मी चोरला, असं त्यांनी दारात उभं राहून शेजारणीला सांगितलं, आणि चष्मा त्यांच्या नाकावर होता. शेजारीण हसली, मीही हसले, त्या मात्र हसल्या नाहीत. मग संशय दूधवाल्याकडे गेला, तिथून माझ्या नवऱ्याकडे, आणि पावसाळा सरता सरता माझ्या सासऱ्यांवर जो येऊन बसला तो तिथून हलेचना.

"हे म्हातारं कोण हाय गं?" त्या मला विचारायच्या. "कवाचं येऊन बसून राहिलं. पाव्हण्याला च्या दे अन् लाव वाटंला."

म्हातारं समोरच्याच बाजेवर बसलेलं असायचं. मी चहा आणून द्यायची. सासरे तो बशीत ओतून पाहुण्यासारखा गुपचूप प्यायचे आणि कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवायचे.

आम्ही हिंगोलीकडच्या साखऱ्याला राहतो. नवरा पुसेगावच्या शाळेवर शिक्षक आहे, मोटारसायकलवरून जाऊन-येऊन करतो. मी घरात बसून एका लांबच्या कंपनीचं काम करते. त्या कंपनीचे जुने प्रोग्राम पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेले आहेत, आणि नव्या पोरांना ती भाषा नको असते, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. हे प्रोग्राम दिवसभर चालतात आणि काय काय केलं ते मजकुराच्या लांबलचक फायलींत लिहून ठेवतात. त्या फायली ओळ-ओळ वाचायला लावून कुठं काय बिघडलं ते हुडकायचं, हे माझं काम. म्हणजे संशय घेणं हीच माझी नोकरी. गावाला वाटतं, ही नुसती खुर्चीत बसून असते.

सासूला मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्यांना विसरण्याचा आजार आहे आणि हा संशयही त्याच आजाराचा, असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "वाद घालू नका," ते म्हणाले. "त्या बोलताना घरातल्या कोणाकोणाची आठवण काढतात, तेवढं लक्ष ठेवा. जी माणसं बोलण्यात येतात ती अजून मनात आहेत असं धरायचं. पुढच्या वेळी मला सांगा."

डॉक्टर बोलून मोकळे झाले, पण घरात त्या बोलण्याचा भलताच अर्थ निघाला. माझी नणंद नांदेडला असते. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खाली औषधाचं दुकान आहे. आईला मी घेऊन जाते, असं तिचं केव्हापासून चाललं होतं. मामा शेत सोडून जाणार नव्हते, हे तिलाही माहीत होतं. नवरा नेहमीसारखा "बघू" म्हणाला. हा माणूस "बघू" म्हणतो तेव्हा काहीही बघत नाही, हे मी लग्नानंतर लवकरच ओळखलं. निर्णय दिला तो मामांनीच.

"तिला मी आठवत आसंल तर ती हितंच राहील," ते फोनवर लेकीला म्हणाले. "अन् न्हाई आठवत तर कोणच्या तोंडानं ठिवून घेऊ? परक्या माणसाच्या घरात बाईनं काहून राहावं? घेऊन जा मग."

आत्या खिडकीपाशी बसून पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

आता लक्ष ठेवायचं कोणी? नवरा शाळेत, मामा दुपारपर्यंत शेतात, मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कंपनीच्या लोकांशी बोलत. आणि आम्ही समोर असलो की आत्या एक तर गप्प असायच्या, नाहीतर चोरीचा आळ घ्यायच्या. त्या खऱ्या बोलायच्या ते एकट्या असताना. भिंतीपलीकडून मला नुसता गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. मी उठून दारात गेले की आवाज बंद. एकदा मी अनवाणी, दबकत गेले, तर त्या दाराकडेच बघत बसलेल्या. "काय चोरायला आलीस?" म्हणाल्या.

शेवटी मी जुना फोन काढला. कमी ऐकू येणाऱ्या लोकांसाठी एक ॲप असतं, आपण बोलत गेलो की ते पडद्यावर लिहीत जातं. आवाज ठेवत नाही, फक्त मजकूर ठेवतं. तो फोन मी खिडकीशेजारच्या फळीवर, फराळाच्या डब्यांमागे लावला. दुसऱ्याच दिवशी तो गायब. सगळं घर पालथं घातलं, तर गव्हाच्या कोठीत निघाला, तोही उलटा, तोंड गव्हात खुपसून. "कोणीतरी ठिवून गेलं व्हतं फळीवर," आत्या म्हणाल्या, "म्हनून म्या लपवला, चोरानं न्यायच्या आधी." मी त्यांना शाबासकी दिली आणि फोन वरच्या फळीवर, जुन्या घड्याळामागे ठेवला.

मामांना तो फोन अजिबात आवडला नव्हता. माणसाच्या पाठीमागं त्याचं बोलणं ऐकायचं म्हणजे चोरीच, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत होतं, म्हणून मी तिकडं दुर्लक्ष केलं. त्या खोलीत जाता-येता ते घड्याळाकडे असं बघायचे, जणू ते वेळ सोडून भलतंच काही सांगणार आहे.

आठवडाभराचा मजकूर साठला तेव्हा मी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. वाचून काढण्यासारखा तो नव्हताच. आमची बोली त्या ॲपला झेपत नव्हती, निम्मे शब्द भलतेच, पूर्णविराम कुठंच नाही. पण नाती आणि नावं बऱ्यापैकी बराबर उतरली होती. तेव्हा मी एक यादी केली: नणंदेचं नाव, नवऱ्याचं, माझं, आत्यांच्या भावांची, लहानपणी वारलेल्या बहिणीचं, गायीचंसुद्धा. प्रोग्रामनं फाइल उघडायची, एकेक ओळ घ्यायची, यादीतला शब्द त्या ओळीत सापडला की त्याच्या खात्यात एक वाढवायचा.

मामांसाठी काय शोधायचं हा प्रश्न होता. आत्या त्यांना कधी "मालक" म्हणायच्या, कधी "पोरीचे बाबा", आणि बहुतेक वेळा नुसतं "हे". हे असं म्हणाले, ह्यांनी बैल सोडला. आमच्याकडच्या सगळ्या बायका असंच बोलतात. मी हे सगळे शब्द मामांच्या खात्यात घातले.

पहिल्यांदा प्रोग्राम चालवला तर आकडे अगदीच मरतुकडे आले. मला ते पटेनात. आत्या बोलायला लागल्या की तास-तास बोलतात, आणि नणंदेचं नाव इतकं कमी? फाइल उघडून पाहिली तेव्हा कळलं. ॲप ओळ मोडतच नव्हतं. अख्खी दुपार एका ओळीत. आणि माझा प्रोग्राम ओळीत शब्द एकदा सापडला की खूश होऊन पुढच्या ओळीवर उडी मारत होता, त्याच ओळीत तो शब्द आणखी कितीदा आहे याची चौकशीच नाही. आमच्या धंद्यातली ही शेंबडी चूक आहे, पहिल्या वर्षाची पोरं करतात. मी ते बदललं: ओळ सोडायच्या आधी तिच्यात पुन्हा-पुन्हा शोधत राहा, काही उरलं नाही की मगच पुढं जा.

आता आकडे भराभरा वाढले, आणि सगळ्यांत वर कोण? मामा! बाकीचे सगळे मिळून त्यांच्या जवळपाससुद्धा नव्हते.

मी धावत बाहेर गेले. मामा ओट्यावर सुतळी वळत बसले होते. मी म्हटलं, "मामा, आत्या दिवसभर तुमचंच बोलतात. सगळ्यांत जास्ती तुमचंच."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. "खरं?"

"मशीननं मोजलंय."

"व्हय का," ते म्हणाले, आणि परत सुतळी उचलली, परत ठेवली. मग उठून, काही काम नसताना, गोठ्यात जाऊन आले. त्या संध्याकाळी आत्यांनी त्यांना पाहुणा म्हटलं तेव्हा ते चक्क हसले. जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याला सांगून टाकलं, बहिणीला फोन करा आणि कळवा की आई कुठंही जाणार नाही. तो "बघू" म्हणाला. त्या वेळी त्याच्या "बघू"नं वाचवलं, हे मान्य करायला हवं.

कारण सकाळी चहा पिता पिता माझ्या डोक्यात किडा वळवळला. इतके कसे? इतके कोणाच्याच बोलण्यात येत नाहीत. माझा स्वभावच असा आहे की वाईट उत्तराची मी एकदा तपासणी करते आणि चांगल्या उत्तराची दोनदा. फाइलमध्ये जिथं जिथं मामा सापडले होते ते तुकडे मी बाहेर काढले. "चोर आहे." "चावी कुठं आहे." "भूक आहे." "कोण आहे."

मी "हे" शोधायला सांगितलं होतं, आणि पर्लनं आज्ञाधारकपणे "आहे"मधलं "हे"सुद्धा शोधलं होतं. आत्या "हाय" म्हणाल्या तरी ते शहाणं ॲप "आहे" लिहीत होतं. प्रत्येक "आहे" मामांच्या खात्यात जमा झाला होता. मी "हे" सुटा असेल तरच मोज असं सांगितलं, तरीही जे चार-दोन उरले ते "हे काय गं", "हे कोणाचं लुगडं" असले होते. ते काढले. मालक नाही. पोरीचे बाबा नाहीत. मामांपुढं शून्य.

हे मामांना सांगणं जिवावर आलं. पण आदल्या दिवशी ज्या तोंडानं सांगितलं होतं त्याच तोंडानं सांगणं भाग होतं. मी सांगितलं, मशीनची चूक झाली, आणि चूक कशी झाली ते समजावत बसले, "हे" काय आणि "आहे" काय. ते मान डोलावत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हंजी न्हाईच."

"आठवडाभरात तरी नाही."

"मशीनला काहून दोष देती. पोरीला फोन लाव. रईवारी ये म्हना."

नणंदेला फोन गेला. ती येत्या रविवारी गाडी घेऊन येणार होती. मामांनी स्वतः माळ्यावरून आत्यांची पेटी काढली, पुसली आणि बाजेखाली ठेवली. आत्यांना ते पेटीचोर वाटले आणि त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला. मामा हात जोडून "चुकलं बाई" म्हणत बाहेर निघून गेले.

मी मात्र त्या शून्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. माझ्या कामात शून्य आलं तर त्याचा अर्थ इतकाच, की मी ज्या ठिकाणी ज्या शब्दानं शोधलं तिथं ते नव्हतं. मला प्रोग्रामचा संशय आला, मग ॲपचा, मग मामांचाच. तरुणपणी ह्यांनी बाईला फार छळलं असेल का? मनातून पार पुसून टाकावं असं काही केलं असेल का? इतकी वर्षं या घरात काढली, पण सासू-सासऱ्यांचं आपसात कसं होतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यासमोर ती दोघं एकमेकांशी बाजार आणि बैल सोडून काही बोलत नसत. मी त्यांच्या हाताकडे बघायला लागले. या हातानं मारलं असेल का, असले विचार येत होते आणि त्याच हाताला मी भाकरी वाढत होते.

शनिवारी कंपनीला सुट्टी होती. बाहेर कोणाच्यातरी खळ्यावर मळणीयंत्र चालू होतं, सोयाबीनचा भुसा घरभर उडत होता. मी खिडकी लावून बसले आणि ठरवलं की आता यादीच नको. काय शोधायचं हे मी ठरवायचंच नाही. प्रत्येक ओळीचे शब्द सुटे कर, जो शब्द येईल त्याचं खातं उघड, आणि शेवटी जास्तीत जास्त आलेले शब्द वर, कमी आलेले खाली, असं सगळं दाखव. पाच-सहा ओळींचा प्रोग्राम. आधीच का केला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

पडद्यावर "आहे" सगळ्यांत वर. मग "काय", "कोण", "इथं", "चोर". आणि त्याच्या खाली एका माणसाचं नाव होतं.

मामांचं.

मी खुर्ची मागं ढकलली आणि दाराकडे पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. काय वेडेपणा! पण ते नाव इतकं उघडं, माझ्यासमोर, इतक्या मोठ्या आकड्यासकट, मी कधी पाहिलंच नव्हतं. ते मी यादीत घातलं नव्हतं, आणि घालायला हवं होतं असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आत्या नवऱ्याचं नाव घेणार नाहीत, हे मला सूर्य पूर्वेला उगवतो तितकं माहीत होतं. आणि मी तरी कुठं घेते? बँकेच्या फॉर्मवर नवऱ्याच्या नावापुढं मामांचं नाव लिहावं लागतं तेव्हा मी हात भरभर चालवते. चांगली शिकलेली, इंग्रजीत भांडणारी बाई मी, पण सासऱ्यांचं नाव टाइप करायला माझी बोटं गेलीच नाहीत.

लगेच दुसरा संशय. शेजारचं कोणी मामांना हाक मारत असेल आणि फोननं ती टिपली असेल. मी त्या नावाच्या आगे-मागे येणारे शब्द बाहेर काढले. पुढं "ये" होतं. "बैलं" होतं. "पाणी", "भाकर", "ऊन लई", "ये ना". शेजारचा कोणता बाप्या मामांना "ऊन लई झालं, ये ना" म्हणेल?

मामा ओट्यावर होते. मी लॅपटॉप बाहेर नेला, अक्षर मोठं केलं आणि पडदा त्यांच्यापुढं धरला. तोंडानं सांगणं मला जमणारच नव्हतं. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग बोट काढून घेतलं, चटका बसल्यासारखं.

"मशीन खोटं बोलून राहिली," ते म्हणाले.

"मामा, दोनदा तपासलंय."

"उभ्या जल्मात तिनं माझं नाव घेतलं न्हाई. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. बंद कर ते." आणि ते उठले, चपला उलट्या-सुलट्या पायात घालून शेताकडे चालू लागले. भर उन्हात, काम नसताना.

माणूस इतका का चिडला? नाव घेतलंच नसेल, तर खूश व्हायला हवं होतं की आज घेतेय. म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक होतं. माझं डोकं एकदा चालू लागलं की थांबत नाही. आत्यांचं माहेर शिरड शहापूर. तिथं या नावाचा कोणी दुसरा असला तर? ज्याला "ये ना" म्हणता येईल असा? आणि मामांना तो माहीत असेल तर? नवरा बाजारातून आला तसा मी त्याला कोपऱ्यात घेतला आणि हळूच विचारलं.

"तुझं डोकं फिरलं का?" तो म्हणाला. "ह्या नावाचे शिरडला गल्लीत दोन तरी निघतील."

त्यानं ते मला गप्प करायला सांगितलं होतं. मी मात्र जास्तच हादरले. उद्या नणंद येणार, तिला काय सांगायचं? की आई एका माणसाला रोज बोलावते, पण तो बाबाच आहे याची खात्री नाही?

रविवारी सकाळी मी गोठ्यात शेण काढायला गेले. मामा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

"सूनबाई, त्या मशीनचं अजून कोणाला सांगितलं का?"

"ह्यांना सांगितलं."

"त्यो हसला आसंल."

"नाही हसले."

बराच वेळ ते बैलाशीच बोलतायत असं वाटत होतं. "आमचं लगन झालं तवा घरात मानूस लई. एकमेकाकडं बघायची बी सोय न्हवती. शेतात आखाड्यावर, खोपीपाशी, कोनी नसलं की मंग ती... बांधावर उभी राहून घ्यायची माझं नाव. भाकर खायला ये म्हनून. कोनी ऐकलं आसतं तर जीव दिला आसता दोघांनी." त्यांचा हात बैलाच्या वशिंडावर गेला. "मला ऐकू यायचं बराबर. पर मी ओ देत न्हवतो. अजून दोन बार घेऊ दे म्हनून."

ते वळले नाहीत. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मी शेणाची पाटी उचलून बाहेर आले, कारण आणखी थांबले असते तर दोघांनाही अवघड झालं असतं.

नणंद दुपारी यायची होती. जेवणं झाल्यावर मी आत्यांना खिडकीपाशी बसवलं आणि घर रिकामं केलं. नवऱ्याला अंगणात पाठवलं, मी आतल्या खोलीत दाराआड उभी राहिले. मामांना मी घराच्या बाहेरून, खिडकीखालच्या दगडावर बसायला सांगितलं. ते आधी नाही म्हणाले, मग गेले.

आत्या पदराला गाठ मारत होत्या. घर शांत झालंय याची खात्री करून घेतल्यासारखं त्यांनी दाराकडे पाहिलं, मग पदर डोक्यावरून खाली घेतला आणि हाक मारली. फार मोठ्यानं नाही. त्यांचा आवाज मी ओळखलाच नसता, इतका तो हलका होता. मामांच्या नावानं.

बाहेरून काही आलं नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही. मला मामांचा राग आला. बसले असतील जुन्या सवयीनं नुसते ऐकत. मी दार ढकलून ओरडणारच होते, इतक्यात तिसऱ्या हाकेला भिंतीपलीकडून आलं, "ओ."

"कुठं मेला व्हतास?" आत्या म्हणाल्या. "बैलं पाजले का?"

"पाजले."

"ऊन लई झालं. ये ना."

"येतो."

आणि आत्या हसल्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मामांना राहवलं नाही. घराला वळसा घालून, धापा टाकत ते दारातून आत आले. आत्यांनी त्यांना पाहिलं, घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि मला आवाज दिला, "सूनबाई, पाव्हणं आलं बघ. च्या टाक."

मामा उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. मग मागं वळून आले त्या वाटेनं परत गेले, आणि खिडकीखालच्या दगडावर जाऊन बसले.

नणंद आली तेव्हा ते तिथंच होते. तिनं आधी आत जाऊन आईला जवळ घेतलं, आईनं तिला नावानं ओळखलं, दोघी रडल्या. पेटी भरलेली होती. मग बाहेर येऊन ती बापाला म्हणाली, "बाबा, असे उन्हात काहून बसले?" मी तिला हातानं थांबवलं आणि भिंतीशी उभं केलं. थोड्या वेळानं आतून हाक आली. नणंदेनं तोंडावर हात ठेवला. मामांनी ओ दिली, भाकरीचं विचारलं, वैरणीचं सांगितलं. लेकीसमोर लाजत होते, पण एकाही हाकेला थांबले नाहीत.

नणंद हळूच म्हणाली, "मंग तुमी बी चला ना नांदेडला. दोघं बी राहा माझ्याकडं. तुमाला काय तकलीफ होनार न्हाई."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "तिसऱ्या मजल्यावर," ते म्हणाले, "भिताडाच्या भायेर मी कुठं बसू?"

ती काही म्हणायच्या आत आतून पुन्हा हाक आली, आणि ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ओ."